खाद्य माशांचे, भार पाण्याचा

गोंडपिपरी : घरातील काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना एक गोष्ट लवकरच उमगते. मासे हावरेपणाने खातात म्हणून दोन चिमटी खाद्य अधिक टाकले, की काही दिवसांत पाणी गढूळ होते, काचेवर हिरवा थर चढतो आणि एखाद्या सकाळी मासा उलटा तरंगताना दिसतो. समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवणाऱ्या हौशी मंडळींना तर पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट यांचे प्रमाण सतत तपासावे लागते. हेच गणित चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वर्धा आणि वैनगंगा या नद्यांमधील पट्ट्यात वसलेल्या गोंडपिपरी तालुक्यातील तलावांनाही लागू पडते. टाकीतला मासा मेला तर हळहळ वाटते. तलावातले मासे मेले तर मच्छीमार कुटुंबांची वर्षभराची कमाई जाते.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे तलावांचे म्हणून ओळखले जातात. मालगुजारीच्या काळात गावोगावी राखले गेलेले हे तलाव १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे आले. 'माजी मालगुजारी तलाव' या सरकारी नावाचे लोकांनी 'मामा तलाव' केले. हे तलाव मुख्यतः धानाच्या सिंचनासाठी असले, तरी धीवर, भोई समाजाच्या सहकारी संस्था ते ठेक्याने घेऊन त्यांत मासे वाढवतात. पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात आणि पाणी आटू लागले की मासळी काढली जाते. उत्पादन वाढावे म्हणून धानाचा कोंडा आणि ढेप असे पूरक खाद्यही दिले जाते. प्रश्न उभा राहतो तो येथेच.

खाल्लेले सारे अंगी लागत नाही

एक हेक्टरचा, सरासरी दीड मीटर खोलीचा तलाव घेऊ. त्यात प्रत्येकी २०० ग्रॅम वजनाचे पाच हजार मासे आहेत, म्हणजे एकूण एक हजार किलो मासळी आहे. वजनाच्या दोन टक्के या हिशेबाने त्यांना रोज २० किलो खाद्य लागेल. कोंडा आणि ढेप यांच्या मिश्रणात २५ टक्के प्रथिने धरली, तर या २० किलोंत पाच किलो प्रथिने असतात. प्रथिनांचा सुमारे सोळा टक्के भाग नायट्रोजन असतो. म्हणजे तलावात रोज ८०० ग्रॅम नायट्रोजन पडतो. त्यातला ढोबळमानाने एक चतुर्थांश माशांच्या शरीरात साठतो. उरलेला सुमारे ६०० ग्रॅम मलमूत्र आणि न खाल्लेले खाद्य यांच्या रूपाने पाण्यात व गाळात जातो. महिनाभरात हा आकडा १८ किलोंवर पोहोचतो. तलावात ३९ किलो युरिया ओतल्यासारखेच हे झाले. शिवाय फॉस्फरस वेगळाच, आणि पावसाच्या पाण्याबरोबर शेतांतून वाहून येणारे खत त्याहून वेगळे.

हिरवे पाणी : उपकारक आणि घातकही

ही पोषकद्रव्ये सर्वस्वी वाईट नाहीत. प्रवाळाच्या टाकीत स्वच्छ, पारदर्शक पाणी हवे असते. माशांच्या तलावात मात्र फिकट हिरवे पाणी हे सुपीकतेचे लक्षण होय. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर सूक्ष्म वनस्पती प्लवंग वाढतात, त्यांच्यावर प्राणी प्लवंग जगतात आणि ते कटल्याचे आवडते अन्न ठरतात. रोहू मधल्या थरात चरतो, तर मृगळ तळाशी पडलेले कुजके अन्न खातो. तिन्ही जाती एकत्र सोडण्यामागे हाच विचार आहे.

परंतु पोषकद्रव्ये प्रमाणाबाहेर गेली, की हेच प्लवंग जिवावर उठतात. दिवसा सूर्यप्रकाशात ते पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र मासे, जिवाणू आणि स्वतः प्लवंग असे सारेच तो वापरतात. त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. कटला-रोहूसारख्या माशांना प्रतिलिटर पाच मिलिग्रॅम प्राणवायू असला की बरे वाटते. तो तीनच्या खाली गेला की ते कासावीस होतात. आभाळ दोन-तीन दिवस भरलेले राहिले, तर दिवसाही प्राणवायू पुरेसा तयार होत नाही. अशा वेळी दाट हिरव्या तलावातील मासे एका रात्रीत मरू शकतात. गावात मग 'कुणी विष टाकले' अशी चर्चा सुरू होते. प्रत्यक्षात कारण अनेकदा पाण्यातच, महिनोन्महिने साठत आलेले असते.

दुसरा धोका अमोनियाचा. माशांच्या उत्सर्जनातून आणि सडणाऱ्या खाद्यातून तो तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पण त्यासाठीही प्राणवायूच लागतो. अमोनिया किती विषारी ठरणार, हे पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २८ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियाचा जेमतेम एक टक्का भाग विषारी रूपात असतो; सामू ९ झाला की तो ४० टक्क्यांवर जातो. दाट प्लवंग भर दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून सामू चढवतात. म्हणूनच अशा तलावात विचार न करता चुना टाकणे अंगाशी येऊ शकते, कारण चुन्यानेही सामू वाढतो.

किती द्यावे, कधी थांबावे?

खाद्याचे प्रमाण माशांच्या वजनावरून ठरवायचे असते. बोटुकली लहान असताना वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत, तर मासे मोठे झाल्यावर एक ते दोन टक्के खाद्य पुरते. त्यासाठी महिन्यातून एकदा जाळे टाकून काही मासे तोलावेत आणि सरासरी काढावी. खाद्य फेकून देण्यापेक्षा छिद्रे पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला बांधावे. तासा-दोन तासांनी पोते तपासले, की किती उरले ते कळते. उरले असेल, तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करावे. ढगाळ दिवशी खाद्य निम्म्यावर आणावे. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य आणि शेण दोन्ही बंद ठेवावे; शक्य असल्यास पंपाने पाणी उडवून त्यात हवा मिसळावी किंवा ताजे पाणी सोडावे.

पाणी तपासण्यासाठी महागडी साधने असलीच पाहिजेत असे नाही. २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडतात. ती ३० ते ४० सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली, तर सुपीकता योग्य मानली जाते. २० सेंटिमीटरच्या आतच दिसेनाशी झाली, तर खत आणि खाद्य दोन्ही थांबवण्याची वेळ आली असे समजावे. तबकडी नसेल, तर हात कोपरापर्यंत बुडवून तळवा दिसतो का, हे पाहावे.

उन्हाळ्याची कसोटी

या भागात सर्वांत कठीण काळ उन्हाळ्याचा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तलाव झपाट्याने आटतो. दीड मीटरचे पाणी अर्ध्या मीटरवर आले, की तेवढीच मासळी आणि तेवढीच घाण एक तृतीयांश पाण्यात येते. त्यातच गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना प्रतिलिटर नऊ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातवर येतो. म्हणून पाणी उतरू लागताच खाद्य घटवून मोठे मासे टप्प्याटप्प्याने विक्रीला काढणे शहाणपणाचे. वजन वाढावे म्हणून थांबणाऱ्याचे सारेच बुडण्याची भीती असते.

साठलेली पोषकद्रव्ये बाहेर काढण्याचा जुना मार्ग म्हणजे गाळ उपसणे. फॉस्फरस गाळात अडकून राहतो आणि तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. तोच गाळ शेतात टाकला तर पिकाला उपयोगी पडतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमागेही गाळाच्या या दुहेरी उपयोगाचाच विचार आहे. पाणवनस्पतीही पोषकद्रव्ये शोषून घेतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या 'फीड' या संस्थेने धीवर समाजाच्या मदतीने तलावांत स्थानिक पाणवनस्पती पुन्हा रुजवण्याचे काम केले आहे.

तलावात जे टाकले, ते मासळी, गाळ किंवा वनस्पती यांच्या रूपाने बाहेर काढले नाही, तर पाण्यातच साठत जाते. पोत्यातले खाद्य मोजणाऱ्याने पाण्याचा रंगही रोज पाहिला, तर ढगाळ पहाटेचा मोठा तोटा टळू शकतो.