‘फाइल जोडा’ हे बटण नीट तपासा

21 जून 2022. ऐन पावसाळ्यात गोव्याच्या जलसंपदा खात्याच्या पूर-निरीक्षण सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. नद्यांवरच्या 15 केंद्रांची माहिती कुलूपबंद झाली आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. पेडण्यात शापोरा आणि साखळीत वाळवंटी चढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या माहितीचं मोल सांगायला नको. तेव्हा अँटिव्हायरसचा अभाव आणि जुनाट फायरवॉल ही कारणं पुढे आली.

पण सर्व्हरमध्ये शिरायची एक वाट आपण स्वतःच उघडी ठेवतो. ती म्हणजे फाइल अपलोड. फोटोच्या जागी कुणी पीएचपी कोडची फाइल चढवली आणि सर्व्हरने ती चालवली, की ताबा गेलाच. 2020 साली वर्डप्रेसच्या ‘फाइल मॅनेजर’ प्लगइनमध्ये नेमकी हीच फट सापडली; लॉगिनचीही गरज नव्हती!

नुसतं नावातलं ‘जेपीजी’ पाहून भागत नाही. ब्राउझर सांगतो तो फाइलचा प्रकारही खोटा असू शकतो. मोजक्याच प्रकारांना परवानगी द्या, आतला मजकूर तपासा, नाव सर्व्हरने नवं द्यावं आणि आकाराला मर्यादा हवी. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फायली अशा फोल्डरात ठेवा, जिथे कुठलाही कोड चालूच शकत नाही. एसव्हीजी चित्रातही स्क्रिप्ट लपते, हे बरेच जण विसरतात.

पेडणे-डिचोलीत शाळेची, देवस्थानाची किंवा संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या मंडळींनो, आपल्या डेव्हलपरला आजच विचारा: अपलोड झालेली फाइल नेमकी जाते कुठे?