गोमंतकाचे १९६७ सालचे दोन कौल

सावंतवाडीकर भोसल्यांचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस तेरेखोल नदीपलीकडील पेडणें, डिचोली व सत्तरी हे महाल परके वाटणार नाहींत. हा मुलूख १७८१ ते १७८८ या अवधींत वाडीकरांकडून फिरंग्यांकडे गेला. नदीच्या मुखाशीं उत्तर तीरावर असलेला तेरेखोलचा किल्ला त्याच्याहि पूर्वीं, १७४६ सालीं, गेला होता. म्हणूनच तो आजहि सिंधुदुर्गाच्या अंगाला असून गोव्यांत मोडतो. या सरहद्दीपलीकडे १९६७ सालीं अवघ्या एकाहत्तर दिवसांच्या अंतरानें दोनदां मतदान झालें, आणि दोन्ही निर्णय वरकरणी परस्परविरुद्ध पडले. जानेवारींत लोकांनीं महाराष्ट्रांत विलीन होण्याचें नाकारलें. मार्चमध्यें ज्या पक्षाचा मूळ उद्देशच विलीनीकरण हा होता त्याच्याच हातीं कारभार दिला. हा विरोध खरा कीं भासमान, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(१) गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजीं पोर्तुगीजांच्या अमलांतून मुक्त झाला व दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. विधानसभेच्या जागा तीस ठरल्या. पैकीं गोव्याच्या अठ्ठावीस, दमणची एक व दीवची एक. डिसेंबर १९६३ मध्यें पहिली निवडणूक होऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अधिकारारूढ झाला आणि श्री. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोअन्स पक्ष विरोधांत बसला. गोव्यानें स्वतंत्र राहावें, महाराष्ट्रांत जाऊं नये, ही त्या पक्षाची भूमिका होती.

१९६५ सालीं गोव्याच्या विधानसभेनें विलीनीकरणाचा ठराव मंजूर केला. परंतु एवढ्या मोठ्या प्रश्नावर सभेचा ठराव पुरेसा न मानतां थेट लोकांस विचारावें असें दिल्लींत ठरलें, व त्यासाठीं डिसेंबर १९६६ मध्यें संसदेनें कायदा केला. पक्षाचें मंत्रिमंडळ अधिकारावर असतां कौल निःपक्षपाती होणार नाहीं, अशी विरोधकांची तक्रार होती. बांदोडकरांनीं ती मान्य करून पद सोडलें. त्याच महिन्याच्या आरंभीं विधानसभा विसर्जित होऊन राष्ट्रपतींची राजवट सुरू झाली. पांच वर्षांसाठीं निवडलेली सभा अशी तीन वर्षांतच संपली. पुढील निवडणूक मध्यावधि ठरली ती या कारणानें.

(२) जनमतकौल १६ जानेवारी १९६७ रोजीं झाला. विलीनीकरणास ‘फूल’ व केंद्रशासित प्रदेश राहण्यास ‘दोन पानें’ अशीं चिन्हें होतीं. दमण व दीव येथील लोकांस गुजरातेंत जाण्याविषयीं निराळा प्रश्न विचारला होता. गोव्याचे आंकडे येणेंप्रमाणें : मतदार ३,८८,४३२, मत देणारे ३,१७,६३३, विलीनीकरणास अनुकूल १,३८,१७०, केंद्रशासित प्रदेशास अनुकूल १,७२,१९१, बाद ७,२७२. म्हणजे शेंकडा ८१ हून अधिक लोकांनीं मत दिलें व विलीनीकरण ३४,०२१ मतांनीं नामंजूर झालें.

यानंतर २८ मार्च रोजीं विधानसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास सोळा, युनायटेड गोअन्स पक्षास बारा व अपक्षांस दोन जागा मिळाल्या. १९६३ सालींहि युनायटेड गोअन्सच्या जागा बाराच होत्या. जानेवारींतील जय त्या पक्षाला एकहि जास्त जागा मिळवून देऊं शकला नाहीं. ५ एप्रिल रोजीं बांदोडकर पुन्हां मुख्यमंत्री झाले.

(३) या दोन निकालांचा मेळ घालण्यापूर्वीं दोन्ही वेळां विचारलेला प्रश्न व मोजणीची रीत निरनिराळी होती, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. जानेवारींत सबंध गोवा हा एकच मतदारसंघ होता. साष्टींत पडलेलें मत सत्तरींतील मतापुढें जसेंच्या तसें मांडलें गेलें. कोठेंहि मिळालेलें जादा मताधिक्य वायां गेलें नाहीं. मार्चमध्यें मात्र प्रत्येक मतदारसंघाचा हिशेब स्वतंत्र होता. एखादी जागा दहा हजारांनीं जिंकली काय आणि शंभरांनीं जिंकली काय, सभेंत माणूस एकच बसतो. साष्टी हा विलीनीकरणविरोधाचा बालेकिल्ला होता. तेथील मोठ्या मताधिक्यानें जनमतकौल फिरविण्यास साह्य केलें, पण विधानसभेंत त्याला तेथल्या जागांपलीकडे मोल उरलें नाहीं.

दुसरें असें कीं, प्रश्नच वेगळा होता. जानेवारींत ‘कोठें राहावयाचें’ असें विचारलें. मार्चमध्यें ‘राज्य कोणीं करावयाचें’ असें. त्या काळीं गोव्यांत हिंदूंची संख्या निम्म्याहून बरीच अधिक होती. मतें केवळ धर्मावरून पडलीं असतीं तर ‘फूल’ जिंकलें असतें. तें हरलें, त्याअर्थीं पुष्कळ हिंदु मतदारांनींहि ‘दोन पानें’ पसंत केलीं, हें उघड आहे. आपली विधानसभा जाईल, गोवा दूरच्या मुंबईचा एक जिल्हा होऊन बसेल, महाराष्ट्रांतील दारूबंदी माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांच्या पोटावर येईल, अशीं भयें प्रचारांत मांडलीं गेलीं होतीं. परंतु यांतील कित्येकांस भाटकारांचें राज्यहि नको होतें. बांदोडकरांच्या सरकारनें १९६४ सालीं कुळांच्या संरक्षणाचा कायदा केला होता, आणि बहुजनसमाजाला ते आपले वाटत होते. अशा मतदारानें जानेवारींत पानांवर व मार्चमध्यें बांदोडकरांच्या बाजूनें मत दिलें, तर त्यांत विसंगति ती कोणती?

(४) आतां जुन्या कागदांकडे वळूं. तिसवाडी, बारदेश व साष्टी हे महाल सोळाव्या शतकांत फिरंग्यांकडे गेले; यांस जुन्या काबिजादी म्हणतात. वाडीकरांचा उपरिनिर्दिष्ट मुलूख, आणि सोंदेकरांकडून गेलेले फोंडा, काणकोण इत्यादि महाल, या नव्या काबिजादी. दोहोंमध्यें सुमारें दोनशें वर्षांचें अंतर आहे. जुन्या काबिजादींत धर्मांतरें झालीं व देवळें मोडलीं. मंगेशी, शांतादुर्गा इत्यादि दैवतें तेथून निघून, तेव्हां फिरंगी अमलाबाहेर असलेल्या अंत्रुजांत, म्हणजे आजच्या फोंड्यांत, स्थिरावलीं. नव्या काबिजादी हातीं आल्या तोंवर जुनी धर्मसक्ति ओसरत चालली होती. तेथील देवस्थानें, वतनें व मराठी वहिवाट पुष्कळशी टिकली. १९६७ सालीं विलीनीकरणाचें बळ सर्वसाधारणपणें याच भागांत दिसलें, व विरोधाचें बळ जुन्या काबिजादींत. अठराव्या शतकांतील तहांनीं आंखलेली रेघ विसाव्या शतकांतील मतपेटींत अशी उमटली. मात्र ही रेघ निकालाचा पाया दाखविते, निकाल नव्हे. तो ठरला रेघ ओलांडून पडलेल्या मतांनीं.

(५) यापुढील इतिहास थोडक्यांत असा. बांदोडकर १९७३ सालीं निवर्तले. पक्षाची सत्ता १९७९ पर्यंत राहिली. विलीनीकरणाचा प्रश्न मात्र जनमतकौलानें कायमचा मिटला, आणि ३० मे १९८७ रोजीं गोवा स्वतंत्र घटकराज्य झालें. इकडे १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत सामील झालेलें सावंतवाडी संस्थान रत्नागिरी जिल्ह्यांत जाऊन, १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्याचा भाग बनलें. एका काळीं एकाच धन्याचा मुलूख असलेले नदीचे दोन तीर आज दोन राज्यांत आहेत. पहिली फारकत तहानें झाली, दुसरी लोकांना विचारून. हा भेद लहान नव्हे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. या वादाचीं साधनें बहुतांशीं मराठींतच आहेत. विलीनीकरणाच्या बाजूनें ‘गोमंतक’ लिहीत होता, आणि विरोधाचें प्रमुख मुखपत्र ‘राष्ट्रमत’ हेंहि मराठीच होतें, श्री. उदय भेंब्रे यांचें ‘ब्रह्मास्त्र’ हें सदर त्यांतच येई. महाराष्ट्रांत जाऊं नये हें लोकांस मराठींतून पटवून द्यावें लागलें, ही गोष्ट भाषेच्या इतिहासकारांनीं नोंदून ठेवण्याजोगी आहे. पण वृत्तपत्राचा कागद सनदेच्या कागदाइतका टिकत नाहीं. हातकागदावरील मोडी पत्र दोनशें वर्षें राहतें. छापील हस्तपत्रक पन्नास-साठ वर्षांत पिवळें पडून तुटतें. वाडी, बांदें, शिरोडें, वेंगुर्लें, मालवण या बाजूच्या घरांचे गोव्याशीं सोयरसंबंध पूर्वापार आहेत. तेथील पेट्यांत जुन्या बाडांखालीं प्रचाराचें एखादें पत्रक, मतदाराची चिठी वा पलीकडच्या नातलगाचें त्या दिवसांतील पत्र आढळल्यास तें रद्दींत न घालतां, कोठें व कोणत्या कागदांसमवेत सांपडलें याची टीप करून, जपून ठेवावें. खेम सावंतांच्या कारकीर्दीचें शिक्क्याचें पत्र आणि ‘दोन पानें’ छापलेलें चिटोरें हे एकाच सरहद्दीचे दोन दाखले आहेत; पहिल्याला आपण रुमालांत बांधतों, दुसऱ्यालाहि तेथेंच जागा द्यावी.