स्नोड्रॉपचे कंद बागेत रुजवा, स्वयंपाकघरात नकोत

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांच्या बागेत थंडी सरण्याआधीच स्नोड्रॉपची पांढरी फुले उमलतात. कंद नव्याने लावणाऱ्यांसाठी आम्ही काही गोष्टी सांगत आहोत.

सुके कंद लवकर वाळतात आणि अनेकदा उगवत नाहीत. म्हणून पानगळीच्या दिवसांत ते आणताच सुमारे १० सेंटिमीटर खोल लावावेत. फुले ओसरल्यावर पानांसकट मिळणारे कंद अधिक खात्रीने रुजतात. पानझडी झाडाखालची, कुजलेल्या पाल्याची ओलसर जागा त्यांना मानवते. पहिल्या वसंतात माती कोरडी पडू देऊ नये. पाने आपोआप सुकेपर्यंत कापू नयेत, कारण पुढच्या फुलांसाठी लागणारे अन्न तीच कंदात साठवतात. पहिल्या वर्षी फुले कमी आली तरी कंद उकरून पाहू नयेत.

आता आरोग्याचे. हे कंद छोट्या कांद्यासारखे दिसतात, पण ते विषारी आहेत. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब होतात. ते कांदा-लसणाजवळ ठेवू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि लावताना हातमोजे घालावेत. कोणी चुकून खाल्ल्यास लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

अल्झायमरवर दिले जाणारे गॅलँटामाइन हे औषध १९५० च्या दशकात स्नोड्रॉपमधूनच प्रथम वेगळे केले गेले. पण डॉक्टर ते शुद्ध स्वरूपात, मोजून देतात. विसरभोळ्या झालेल्या आजी-आजोबांना कंदाचा काढा देणे हा उपचार नव्हे, तो धोका आहे.