आजोबांचं दाढीचं मशीन चमकवा, पण कुठे थांबायचं ते आधी शिका



मुलुंडचे एक काका माझ्याकडे त्यांच्या वडिलांचं दाढीचं मशीन घेऊन आले होते. सोनेरी मुलाम्याचं, जुनं. हे काम मी तेव्हा नुकतंच सुरू केलं होतं. डाग दिसला की घासायचा, एवढंच मला ठाऊक. समई घासायची पावडर घेतली आणि जोर लावला. डाग गेला, पण मुठीवरचं सोनंही गेलं. खाली उघडं पितळ दिसायला लागलं. काका रागावले नाहीत. म्हणाले, "राहू द्या हो. बाबांच्या बोटांनी झिजलं होतं, तेच बरं दिसत होतं."

मी पैसे घेतले नाहीत. पण मुलामा काही परत आला नाही. म्हणून या धंद्याचा पहिला नियम सांगतो: गिऱ्हाईक चमक मागतं, पण त्याला हवी असते आठवण.

या कामाला मागणी का आहे?

किंग जिलेट यांना सेफ्टी रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये मिळालं. त्याआधी १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, कंपनीचे फक्त ५१ रेझर खपले होते. (पहिल्या महिन्यात ऑर्डर नाही म्हणून रडणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवा!) गंमत म्हणजे दुधारी ब्लेडचा आकार आजही तसा जुळतो. नाक्यावरच्या दुकानातलं ब्लेड साठ वर्षांपूर्वीच्या मशीनमध्ये बसतं. म्हणजे वस्तू शोकेसमध्ये ठेवायची गरज नाही, रोज वापरता येते.

साफसफाई: पाच पायऱ्या

१. ओळखा. आधी जुनं ब्लेड काढा. मग धातू बघा. बरेच जुने रेझर पितळेचे, वर निकेल किंवा सोन्याचा मुलामा. काही मुठी ॲल्युमिनियमच्या, म्हणून हाताला हलक्या. १९५१ नंतरच्या अनेक अमेरिकन जिलेटवर एक अक्षर आणि १ ते ४ मधला आकडा ठोकलेला असतो. अक्षरावरून वर्ष कळतं, आकड्यावरून तिमाही.

२. धुवा. कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, पंधरा-वीस मिनिटं. नंतर मऊ टूथब्रश. निम्मं काम इथेच होतं, कारण काळपटपणा बहुतेक वेळा साबणाचा साचलेला थर असतो. उकळायचं नाही. बेकेलाइटची मूठ असेल तर भिजत ठेवायची नाही.

३. क्षार काढा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घाला, कापसाने लावा आणि दोन-तीन मिनिटांत धुऊन टाका. हे फक्त शाबूत निकेलवर. ॲल्युमिनियमला व्हिनेगर नको आणि सोडाही नको, सोड्याने ते काळं पडतं.

४. पॉलिश जपून. निकेलवर मऊ फडक्याने, हलक्या हाताने. सोनेरी मुलाम्यावर पॉलिश अजिबात नाही.

५. जोडा आणि तपासा. मूठ फिरवून झाकणं उघडणारं मशीन असेल तर तेलाचा एक थेंब. नवीन ब्लेड लावून बघा, दोन्ही बाजूंना धार सारखी बाहेर दिसली पाहिजे. ब्लेड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्या.

मुलामा पार उडाला असेल तर नवा चढवून देणारे कारागीर असतात. पण ते गिऱ्हाइकाला विचारूनच, आणि विकताना "मुलामा नवा आहे" असं स्पष्ट सांगून.

आता हिशेब

बरेच जण काय करतात? शुक्रवारी पहाटे ग्रँट रोडला उतरायचं, चोर बाजारातून पाच मशीन उचलायची, साफ करून ऑनलाइन विकायची. समजा एक ४०० ला पडलं. प्रवास-चहाचा वाटा २०, सामान ३०, कुरिअर १००. झाले ५५०. विकलं ८०० ला. "अडीचशे सुटले!"

थांबा. खरेदीच्या फेरीतला वाटा, सफाई, फोटो, गिऱ्हाइकाशी चॅटिंग, पॅकिंग धरून प्रत्येकी तीन तास गेले. म्हणजे तासाला ८३ रुपये. शिवाय न विकलेल्या मशीनमध्ये पैसे अडकले ते वेगळेच.

आता दुसरा मार्ग. लोकांच्या घरचंच मशीन साफ करून द्या. समजा मजुरी ६००, सामान ३०, वेळ दोन तास. तासाला २८५ सुटतात आणि भांडवल जवळजवळ शून्य. बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत किती घरांच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी पडून असेल, विचार करा. हे माझे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे तुम्ही मांडा, पण स्वतःचा तास फुकट धरू नका.

दोन सावधगिऱ्या

काम घेण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. काय करणार आणि काय नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून "चालेल" असं उत्तर घ्या. माझ्याकडे तेव्हा तेवढा एक मेसेज असता, तर काकांनी मला आधीच थांबवलं असतं.

परदेशी विकायचं मनात असेल तर आयात-निर्यात कोड लागतो. आणि १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षं झालेली, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. सुरुवातीच्या काळातले रेझर आता शंभरी ओलांडतायत. म्हणून वय ओळखायला शिका. पहिली पायरी तिथेही कामाला येते.

या आठवड्याचं काम: घरातलं किंवा नात्यातलं एक जुनं मशीन घ्या. फक्त पहिल्या दोन पायऱ्या करा. आधीचा आणि नंतरचा फोटो काढा, किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. पॉलिशची बाटली अजून विकत आणू नका.

बघा, कदाचित लागणारच नाही.