तपकिरी सोन्याचे गुपित

इतवारीच्या सराफा बाजारात दर्शनी दुकाने झगमगतात. पण सोन्याचा खरा हिशेब लागतो तो आतल्या लहानशा खोल्यांमध्ये. तिथे जुने दागिने मुशीत वितळवले जातात. शुद्ध करताना त्यात मुद्दाम चांदी मिसळतात. मग त्या धातूचे दाणे किंवा पातळ पट्टी करून ती तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकतात. रसरसून बुडबुडे येतात आणि काही वेळाने थांबतात. चांदी आणि तांबे आम्लात विरघळून जाते. तळाशी उरते ते सोने. पण ते पिवळे नसते. ओल्या मातीसारखे मळकट, तपकिरी दिसते.

नवख्याला वाटेल, सोने नासले. कारागीर मात्र निश्चिंत असतो. तो तो गाळ पाण्याने धुतो, पुन्हा मुशीत टाकून तापवतो आणि पिवळेधमक सोने बाहेर काढतो. हे गलाईचे काम. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली कुटुंबे पिढ्यानपिढ्या हाच व्यवसाय घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली आहेत.

गलाईवाल्याच्या दृष्टीने तपकिरी सोने ही मधली, घटकाभराची अवस्था. शास्त्रज्ञांना मात्र नेमकी तीच हवी असते. ते तिला सच्छिद्र नॅनो-सोने म्हणतात आणि ती टिकवण्यासाठी गेली पंचवीस वर्षे धडपडत आहेत.

भोके पडतात कशी?

सोने आणि चांदी एकत्र वितळवली की दोन्ही धातूंचे अणू एकमेकांत पूर्ण मिसळतात. तेजाब चांदीचे अणू उचलून नेते, सोन्याला हात लावत नाही. एखादी भिंत विटा आणि गुळाच्या ढेपांनी रचली आहे आणि तिच्यावर पाणी सोडले आहे, असे समजा. गूळ विरघळेल, विटा राहतील. पण मग प्रश्न येतो. वरच्या थरातील गूळ गेल्यावर मोकळ्या झालेल्या विटा खाली बसून आतला गूळ झाकून का टाकत नाहीत? पाणी आतपर्यंत पोहोचते कसे?

याचे उत्तर अमेरिकेतील जोना अर्लबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. चांदी निघून गेल्यावर एकटे पडलेले सोन्याचे अणू जागच्या जागी थांबत नाहीत. ते पृष्ठभागावरून सरकत जातात आणि एकमेकांना बिलगून लहान लहान पुंजके करतात. पुंजक्यांच्या मधली जागा उघडी पडते, तिथे आतली चांदी आम्लाला सापडते, ती गेली की आणखी सोने मोकळे होते. असे थरामागून थर होत आम्ल आरपार पोहोचते. शेवटी उरतो तो सोन्याचा स्पंज. त्यातल्या काड्या आणि भोके दोन्ही काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीची असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक जाळीत शिरलेला प्रकाश नेहमीच्या सोन्यावरून परततो तसा परतत नाही, म्हणून रंग तपकिरी दिसतो.

यात प्रमाणाला फार महत्त्व आहे. मिश्रणातले निदान निम्म्याहून थोडे अधिक अणू चांदीचे असावे लागतात. चांदी कमी पडली तर सोने तिला झाकून घेते आणि आम्ल वरच्या वरच अडते. फारच जास्त झाली तर उरलेल्या सोन्याचा भुगा होतो. सोनारांनी हे सूत्र अनुभवातून कधीच ओळखले होते. सोन्याचा कस ठरवण्याच्या अग्निपरीक्षेत आजही नमुन्यात सोन्याच्या अडीच-तीन पट चांदी घालतात, त्याची पट्टी लाटून गुंडाळी करतात आणि ती तेजाबात उकळतात. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्या हॉलमार्कमागची निर्णायक चाचणी हीच. तीतही ठिसूळ, तपकिरी गुंडाळी तयार होते आणि तापवल्यावर पिवळी होते.

एक ग्रॅम सोने, एक खोली

भोके पाडून मिळते काय? मिळतो पृष्ठभाग. एक ग्रॅम सोन्याचा भरीव ठोकळा केला तर त्याची बाजू चार मिलिमीटरपेक्षाही कमी भरते आणि सहाही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरही होत नाही. तेच एक ग्रॅम सोने स्पंजाच्या रूपात असेल तर त्याचा आतला-बाहेरचा पृष्ठभाग दहा चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीची फरशी.

रासायनिक क्रिया घडते ती धातूच्या पृष्ठभागावर. आत दडलेले अणू नुसते बसून असतात. सोने, प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या राजधातूंच्या बाबतीत असे बसून राहणे फार महाग पडते. म्हणून मोटारीच्या सायलेन्सरआधी बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अगदी बारीक कण सिरॅमिकच्या जाळीवर पसरलेले असतात. वाहनांच्या धुरासाठी या महाग धातूंना स्वस्त पर्याय शोधण्याचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेतही झाले आहे. राजधातू जमेल तितका कमी वापरायचा, किंवा वापरलेल्या प्रत्येक ग्रॅमकडून अधिक काम करून घ्यायचे, असे हे दोन मार्ग. सच्छिद्र धातू हा दुसरा मार्ग.

सोन्याच्या बाबतीत तर आणखी एक आश्चर्य आहे. सोने गंजत नाही, कशाशी सहज संयोग पावत नाही, म्हणूनच ते राजधातू. रसायनशास्त्रात ते बराच काळ निरुपयोगी समजले जात होते. १९८० च्या दशकात जपानचे मासातके हारुता यांनी दाखवले, की सोन्याचे कण काही नॅनोमीटरचे केले आणि योग्य ऑक्साइडवर बसवले तर ते शून्याखालच्या तापमानातही कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. पुढे सच्छिद्र सोन्यातही हा गुण आढळला, आणि तेही कोणत्याही ऑक्साइडच्या आधाराशिवाय.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर जीव घेतो तो याच वायूमुळे. असा वायू साध्या तापमानाला निकामी करणारा धातू सापडणे ही म्हणूनच मोठी गोष्ट आहे. अर्थात, आज तरी घरातला खरा उपाय उघडी खिडकी हाच.

वर्खापासून इंधन घटापर्यंत

हा स्पंज करण्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. २००४ मध्ये अर्लबाखर यांच्या गटाने बाजारात मिळणारा पांढऱ्या सोन्याचा, म्हणजे सोने-चांदीचा वर्ख घेतला. मिठाईवर लावतात तसाच तो पातळ, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा. तो तीव्र नायट्रिक आम्लावर तरंगत ठेवला, की काही मिनिटांत त्याची सच्छिद्र जाळी होते. या जाळीवर प्लॅटिनमचा अगदी पातळ थर चढवून, हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन घटांसाठी कमी प्लॅटिनम पुरेल का, हे तपासले गेले.

इतरही रीती आहेत. साच्याची रीत अशी : अतिसूक्ष्म गोळ्या रचायच्या, त्यांच्या फटींत धातू भरायचा आणि नंतर गोळ्या विरघळवून टाकायच्या. १९९७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी साबणासारख्या रेणूंच्या द्रव स्फटिकांचा साचा वापरून प्लॅटिनमचे सच्छिद्र पापुद्रे तयार केले. वीज सोडून धातूचा मुलामा देताना उठणाऱ्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांभोवतीही सच्छिद्र थर जमवता येतो.

आरोग्याच्या चाचण्यांसाठीही हा पदार्थ आशादायक आहे. ग्लुकोज सोन्याच्या पृष्ठभागावर थेट ऑक्सिडीकृत होते आणि त्यातून मोजता येईल असा विद्युतप्रवाह मिळतो. आजच्या साखर तपासण्याच्या पट्ट्यांमध्ये यासाठी एन्झाइम लागते. ते उष्णतेने आणि दमटपणाने खराब होते. सच्छिद्र सोन्याला एन्झाइम लागत नाही. पण रक्तातील क्लोराइड सोन्याच्या पृष्ठभागावर बसून अडथळा आणते, त्यामुळे ही पट्टी अजून प्रयोगशाळेतच आहे.

सर्वांत मोठी अडचण उष्णतेची. सोनार ज्या तपमानाला आपले काम फत्ते झाले म्हणतो, तिथे शास्त्रज्ञाचे काम बिघडते. तापवले की सोन्याचे अणू पुन्हा सरकू लागतात, बारीक काड्या एकमेकींत मिसळून जाड होतात, भोके मोठी आणि संख्येने कमी होतात, पृष्ठभाग घटतो. त्यासाठी सोने वितळण्याची गरज नसते. वितळणबिंदूच्या कितीतरी खाली, काही शे अंशांवरच हे घडते. शिवाय ही जाळी ठिसूळ असते, आणि तिच्यात थोडी चांदी मागे राहतेच. ती चांदी नुसती भेसळ नाही, रासायनिक कामात तिचाही वाटा असतो, हेही आता लक्षात आले आहे.

तेजाबाची दुसरी बाजू

या साऱ्या प्रक्रियेत एक गोष्ट प्रयोगशाळेत आणि गल्लीतल्या खोलीत सारखीच असते. चांदी विरघळताना लालसर तपकिरी वायू उठतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत तो बंदिस्त कपाटातून पंख्याने ओढून घेतात आणि धुऊन काढतात. अपुऱ्या वायुवीजनाच्या खोलीत तो काम करणाऱ्याच्या फुप्फुसात जातो.

हा वायू फसवा आहे. श्वासाबरोबर आत गेल्यावर सुरुवातीला थोडा खोकला, घशात जळजळ एवढेच जाणवते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी जमून धाप लागते. तेजाबाचा धूर लागल्यानंतर छाती भरून आली, दम लागू लागला तर घरी वाट न बघता रुग्णालयात जावे आणि तेजाबाच्या धुरात काम केल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. वायू बाहेर ओढून धुणारी यंत्रणाच हवी. उरलेल्या द्रावणातली चांदी तांब्याची पट्टी टाकून परत मिळवली जाते. पण मागे राहिलेले निळसर आम्लयुक्त पाणी प्रक्रिया न करता गटारात सोडता कामा नये.

सोन्याच्या स्पंजाची किंमत त्यातल्या रिकाम्या जागेत आहे, हे विज्ञानाला आता कळले आहे. ती रिकामी जागा शेकडो वर्षे ज्यांच्या हातून तयार होत आली, त्या कारागिरांच्या खोलीत मोकळी हवाही असावी, एवढी काळजी मात्र आजच घेता येण्यासारखी आहे.