पिकअप ट्रकमधील छुपे इशारादिवे : निवड आणि जोडणी

अमेरिकेत रस्तादुरुस्ती, बर्फ हटविणे, बंद पडलेली वाहने ओढून नेणे अशा कामांवरील पिकअप ट्रकमध्ये हेडलाईट व टेल लाईटच्या आत बसविलेले लखलखणारे स्ट्रोब दिवे आढळतात. काही राज्यांत स्वयंसेवी अग्निशामकही आपल्या खासगी गाडीत असे दिवे लावतात. दिवे बंद असताना ही गाडी इतर कोणत्याही गाडीसारखीच दिसते.

रस्त्याकडेला थांबलेल्या वाहनावर मागून भरधाव येणारे वाहन आदळणे, हा या कामातील मोठा धोका होय. अशा वाहनापासून एक मार्गिका सोडून जावे अथवा वेग कमी करावा, असा कायदा अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत आहे. हवाई राज्याने तो सर्वांत शेवटी, २०१२ मध्ये केला. मात्र येणाऱ्या चालकास दिवा वेळेत दिसला, तरच या कायद्याचा उपयोग.

निवडीतील पहिला प्रश्न रंगाचा असून तो आवडीचा नव्हे, तर कायद्याचा आहे. रस्ताकाम व वाहने ओढण्यासाठी बहुतेक ठिकाणी पिवळसर नारिंगी रंग चालतो. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवी अग्निशामकास निळा, तर स्वयंसेवी रुग्णवाहिका सेवकास हिरवा दिवा लेखी परवानगीने लावता येतो. तोच निळा दिवा अन्य अनेक राज्यांत पोलिसांसाठी राखीव आहे. साहजिकच राज्याची सीमा ओलांडताच वैध दिवा अवैध ठरू शकतो.

भारतात तर हा प्रश्न अधिक स्पष्ट आहे. केंद्र सरकारने १ मे २०१७ पासून मंत्री व अधिकाऱ्यांच्या वाहनांवरील लाल दिव्याची प्रथा संपुष्टात आणली. लाल, निळे व पांढरे लुकलुकणारे दिवे आपत्कालीन सेवांपुरते उरले. जाळीआड फ्लॅशर बसवून मिरविणाऱ्या खासगी गाड्यांना छुपेपणाचा आधार घेता येत नाही.

पूर्वी या कामासाठी झेनॉन वायूच्या नळ्या वापरीत. त्यांना उच्च दाबाचा वीजपुरवठा करणारा स्वतंत्र डबा लागे. गाडी बंद केल्यावरही त्यात विद्युतभार साठून राहतो. त्यामुळे जुनी जोडणी उघडताना विशेष सावधगिरी हवी. आता एलईडी दिवे थेट १२ व्होल्टवर चालतात, वीज कमी घेतात आणि अधिक टिकतात. नव्याने बसविणाऱ्याने झेनॉनच्या वाटेस जाण्याचे कारण उरलेले नाही.

खरे कौशल्य जागा निवडण्यात आहे. हेडलाईटच्या घरास सुमारे एक इंच व्यासाचे छिद्र पाडून दिवा आत बसवितात. हे छिद्र मुख्य परावर्तकाच्या मध्यावर न घेता कोपऱ्यात घ्यावे; अन्यथा हेडलाईटचा झोत बिघडतो. मागील बाजूस रिव्हर्स लाईटचा कप्पा सोयीचा, कारण त्याची काच पारदर्शक असते. लाल काचेआड निळा दिवा लावल्यास त्याचा प्रकाश जवळजवळ बाहेरच येत नाही आणि पांढरा लाल दिसतो. छिद्राभोवतीची फट नीट बंद न केल्यास आत पाणी शिरून काच धुरकटते. अलीकडच्या पिकअपमध्ये हेडलाईट हा पूर्ण बंद व महागडा एलईडी संच असतो. त्यास छिद्र पाडल्यास वॉरंटीवर पाणी सोडावे लागण्याची शक्यता असते. अशा गाडीत जाळीमागे किंवा बंपरवर चपटे दिवे लावणे शहाणपणाचे.

वायर बॅटरीपासून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा. फ्यूज दूर असल्यास मधली वायर घासून पत्र्यास टेकताच आग लागू शकते. इंजिन कक्षातून केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याच्या छिद्रात रबरी बुश बसवावा. गाडीच्या मूळ दिव्यांच्या वायरला जोड देण्याचा मोह टाळावा, कारण नव्या गाड्यांतील संगणकीय प्रणाली त्यास बिघाड समजते.

छुप्या दिव्यांची मर्यादाही ध्यानी घ्यावी. हेडलाईट सुरू असताना त्याच घरातील स्ट्रोब फिका पडतो. बाजूने येणाऱ्यास तो क्वचितच दिसतो आणि मागे ट्रेलर जोडल्यास टेल लाईटमधील दिवे झाकले जातात. रस्त्यावर थांबून काम करणाऱ्याने टपावर एक उंच दिवा ठेवणे म्हणूनच इष्ट. उलटपक्षी, रात्री पूर्ण तेजाने लखलखणारा दिवा समोरच्याचे डोळे दिपवितो आणि दिव्याशेजारी उभा असलेला कामगार त्यास दिसतच नाही. तेज कमी करण्याची सोय असलेला संच निवडावा. जोडणी पूर्ण झाल्यावर गाडी मोकळ्या जागी उभी करून, दिवसा व रात्री, चारही बाजूंनी शंभरेक पावले दूर जाऊन पाहावे.