मण्यार की कवड्या?

पावसाळ्यातील एका पहाटे दहा वर्षांच्या मुलीला घेऊन तिचे वडील माझ्या दवाखान्यात आले. पोटात असह्य कळा आणि दोन उलट्या. घरच्यांना अपचनाची शंका. अंगावर जखम नव्हती, सूजही नव्हती. परंतु तिच्या पापण्या प्रयत्न करूनही पुरत्या उघडत नव्हत्या. ‘‘रात्री कुठे झोपली होती?’’ ‘‘खाली, सतरंजीवर.’’ मण्यार चावल्याचा संशय बळावला. जिल्हा रुग्णालयात प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वसन वेळेवर मिळाले, म्हणून ती वाचली.

मण्यार हा चकचकीत काळा किंवा निळसर काळा साप. अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे शेपटीकडे ठळक, तर मानेकडे पुसट असतात किंवा नसतातच. बिनविषारी कवड्या बहुधा तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरत जातात. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर सहज चढतो. मण्यार उंदरांची बिळे, वारुळे, विटा-दगडांचे ढीग यांत दिवसा दडतो आणि रात्री भक्ष्याच्या शोधात घरात शिरतो.

तथापि अंधुक प्रकाशात जाणत्यांचीही फसगत होते. म्हणून ही ओळख सावध राहण्यासाठी आहे. ‘कवड्याच असेल’ म्हणून घरी थांबण्यासाठी नव्हे. मण्यारचा दंश अनेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पोटदुखी, जड पापण्या, गिळताना त्रास आणि शेवटी श्वास मंदावणे, असा त्याचा क्रम असू शकतो.

साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ दवडू नका. आपल्याकडील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू वा चोखू नये. रुग्णाला चालू न देता, दंश झालेला अवयव न हलवता, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे नसली तरी रुग्णालयात २४ तास देखरेख हवी.

आज रात्री मुलांना खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. खाट नसेल, तर जमिनीवरील अंथरुणाभोवतीही मच्छरदाणी अवश्य लावा. डासांसाठी घेतलेले हे साधन मण्यारपासूनही रक्षण करते.